निबंधाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेल्यांना निबंधाच्या वह्या आठवत असतील. विषय कोणताही असो, आरंभ ‘प्राचीन काळापासून’ आणि शेवट ‘म्हणूनच असे म्हटले जाते की’. हा साचा आम्हा शिक्षकांनीच दिला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. फार वर्षांपूर्वी भामरागडकडील एका विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीवरील निबंधाचा आरंभ असा केला होता : आई तेंदूची सत्तर पाने मोजून पुडा बांधते, मी मोजताना चुकतो. मी ती ओळ खोडली आणि ‘मानवी जीवनात विश्रांतीला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ असे तांबड्या शाईने लिहिले. त्याला गुण बरे पडले. निबंधातून त्याची आई मात्र गेली.

लिहिणारा कोठे उभा राहून बोलतो आहे, हे प्रस्तावनेने सांगावे. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांची मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्यांना पशूंहूनही हीन लेखले गेले त्यांच्यापैकी मी एक, हे ती आरंभीच सांगते. शेवटी ती विद्येला औषध म्हणते, आपल्या माणसांना शिकण्याची विनवणी करते. पण शिकलेली माणसेही कधी वाईट वागतात, ही शंकाही नोंदवते. तिची वही माझ्याकडे आली असती तर ती शंका ‘विषयांतर’ म्हणून मी बहुधा खोडली असती.

समारोपाचे मोल कळते ते बाबासाहेबांच्या उदाहरणावरून. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले होते. भाषण वाचल्यावर मंडळ अडखळले ते विशेषतः त्याच्या अखेरच्या भागाशी. तेथे शास्त्रांच्या प्रामाण्यावर प्रहार होता आणि हिंदू धर्म सोडण्याचा निर्देश होता. तो भाग गाळावा, अशी सूचना आली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. परिषद झाली नाही. भाषण त्यांनी स्वखर्चाने ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने प्रसिद्ध केले. हा केवळ बाणेदारपणा नव्हता. जातीचे मूळ शास्त्रांवरील श्रद्धेत आहे, असे एकदा सिद्ध केल्यावर विवेचन त्या शेवटाशीच पोचते. तो कापला तर आधीची पाने अधांतरी राहतात. समारोप झाकून पाहावा आणि निबंधाला काही उणे वाटते का, ते तपासावे. बहुतेक शालेय निबंधांत काहीच उणे वाटत नाही, कारण तेथे आधीचेच पुन्हा सांगितलेले असते.

अलीकडे मी मुलांना वहीत पहिल्या पाच ओळी कोऱ्या सोडायला सांगतो. मधला मजकूर आधी लिहायचा, प्रस्तावना मागाहून. काहींच्या त्या ओळी अखेरपर्यंत कोऱ्याच राहतात, आणि वाचू लागलो की निबंध सहाव्या ओळीपासून नीट सुरू झालेला असतो.