अकोल्याची फाईल, देशाचा कायदा

२७ ऑगस्ट २००८ रोजी भविष्य निर्वाह निधीच्या विभागीय आयुक्तांकडे माहिती अधिकाराचा एक अर्ज गेला. अकोल्याच्या उपविभागीय कार्यालयात अंमलबजावणी अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या एका कर्मचाऱ्याची कागदपत्रे अर्जदाराला हवी होती. नेमणुकीचा आणि बढतीचा आदेश, बदल्यांचे आदेश, पगाराचा तपशील, त्याला दिलेले मेमो आणि कारणे दाखवा नोटिसा, चौकशीचे कागद, मालमत्तेचे विवरण, स्वीकारलेल्या भेटवस्तूंची नोंद अशी ती यादी होती. अंमलबजावणी अधिकारी हे पद कामगाराच्या जवळचे आहे. मजुराच्या पगारातून कापलेला फंड मालकाने खरोखर भरला की नाही, हे पाहणारा हा माणूस. डाळमिल आणि जिनिंगच्या गावात त्याची तपासणी नीट झाली की नाही, यावर शेकडो घरांची म्हातारपणाची पुंजी अवलंबून असते.

उत्तर वेळेत आले. नेमणुकीचा आदेश तीन पानांचा होता, तो मिळाला. बदल्यांचे तेरा आदेश मिळाले. सेवानियमांची साठ पाने मिळाली. पगार, मेमो, चौकशी, मालमत्ता, भेटवस्तू यांपैकी काहीच मिळाले नाही. कारण एकच: कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती. अर्जदार अपिलात गेला, केंद्रीय माहिती आयोगात गेला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आधी एकल न्यायाधीशांपुढे आणि मग दोन न्यायमूर्तींपुढे गेला. सगळीकडे नकार आला. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. दीपक मिश्रा यांनीही याचिका फेटाळली.

'गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त' हा तो निकाल. कर्मचाऱ्याची नोकरीतली कामगिरी हा मुळात तो आणि त्याचा मालक यांच्यातला विषय आहे, त्याला दिलेले मेमो, शिक्षा, प्राप्तिकर विवरणपत्र ही सगळी वैयक्तिक माहिती आहे, आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अकोल्यातल्या एका टेबलापासून सुरू झालेल्या या प्रकरणाचा निकाल अवघ्या काही पानांचा आहे. पण त्यानंतर देशभरातल्या कार्यालयांतून जे नकार निघाले, त्यांत या निकालाचा दाखला फार मोठ्या प्रमाणावर सापडतो. माहिती अधिकाराच्या इतिहासात अकोल्याचे नाव असे नोंदले गेले आहे, आणि वऱ्हाडातल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक आहे.

मला हा निकाल पटलेला नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकातच आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ प्रत्येक सरकारी कार्यालयाला सांगते की सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करा. त्यातली दहावी बाब म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला दरमहा मिळणारा पगार. जो पगार कायद्याने फलकावर लावायला सांगितला, तोच अर्ज केल्यावर खासगी कसा होतो? सरकारी नोकराचा मालक कोण, हा प्रश्नही या निकालाने अर्धवट सोडला. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा 'मालक' म्हणजे वरचा आयुक्त, असे धरले तर विषय दोघांतला राहतो. मालक म्हणजे ज्याच्या पैशातून तो पगार निघतो तो, असे धरले तर अर्जदार आपल्याच नोकराची फाईल मागत होता. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी या निकालावर वर्षानुवर्षे टीका केली आहे. त्यांचा रोख कलमातल्या एका परंतुकावर आहे: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही.

हे परंतुक म्हणजे कलमाचा प्राण होता. दरवर्षी डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते. तिथे एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न विचारला की अमुक कार्यालयातल्या किती अधिकाऱ्यांवर विभागीय चौकशी चालू आहे, किती जणांना शिक्षा झाली, तर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. कायद्याचे म्हणणे होते की आमदाराला जे मिळते, तेच मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मिळाले पाहिजे. मतदार आणि त्याने निवडून दिलेला माणूस यांच्यात माहितीपुरती बरोबरी या एका वाक्याने केली होती.

आता ते वाक्य पुस्तकात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचे ८(१)(ञ) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा हा बदल अमलात आला. आधी अधिकाऱ्याला तपासावे लागे की मागितलेल्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते का, आणि तरीही व्यापक जनहित मोठे आहे का. आता कलमात उरले आहे ते एवढेच की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देणे बंधनकारक नाही. देशपांडे निकालाने दार लोटले होते, तरी जनहिताची फट त्यात होती. नव्या दुरुस्तीने ती फटही या कलमापुरती बुजवली.

सरकारी कागदावर कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुराचे, कर्जमाफीच्या यादीत खातेदाराचे, विहिरीच्या अनुदानात लाभार्थ्याचे, रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेत सही करणाऱ्या अभियंत्याचे. मेलेल्या माणसाच्या नावावर विहीर दाखवली आहे, हे यादी पाहिल्याशिवाय गावाला कळणार कसे? नाव झाकले की भ्रष्टाचाराचा पुरावाच झाकला जातो. खासगीपणाचा हक्क मला मोलाचा वाटतो. कोणाचा आजार, कोणाचा आधार क्रमांक, कोणाचे बँक खाते चव्हाट्यावर येऊ नये. पण त्यासाठी कलम १० पहिल्यापासून होतेच: झाकण्यासारखा भाग काळा करा आणि उरलेला कागद द्या.

वऱ्हाडात हा प्रश्न एका ठिकाणी फार खोल लागतो. अमरावती महसूल विभागातले पाच जिल्हे म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद २००१ पासून विभागीय आयुक्तालयात ठेवली जाते, आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनांपैकी एक शब्द पडतो: पात्र, अपात्र किंवा चौकशीत. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते का, हे पाहून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. पात्र ठरले तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये. अपात्र ठरले तर घरी एक पत्र येते, आणि कधी तेही येत नाही.

नवरा गमावलेल्या त्या बाईला कोण सांगते की का अपात्र? तलाठ्याने अहवालात काय लिहिले, बँकेने थकबाकीचा दाखला दिला की नाही, समितीच्या इतिवृत्तात तिच्या नवऱ्याच्या नावापुढे कोणते कारण आहे? ती तहसीलला जाते, तिथून तिला कलेक्टर ऑफिसला पाठवतात, तिथे ऐकायला मिळते, "सायेब मीटिंगमधी हायेत, उद्या या." कलम ४(१)(घ) तिच्यासाठीच लिहिलेले आहे. प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ बसलेल्या माणसाला द्या, असे ते सांगते, आणि त्यासाठी अर्जाचीसुद्धा अट घालत नाही. तरी पत्र आले नाही, तर अर्जात तीन कागद मागावेत: तलाठ्याचा किंवा तहसीलदाराचा चौकशी अहवाल, बँकेचा पत्रव्यवहार, आणि समितीच्या त्या बैठकीचे इतिवृत्त. हे सगळे तिच्याच घराचे कागद आहेत. 'वैयक्तिक माहिती' हे कारण तिच्यापुढे ठेवता येत नाही.

एखादी नोंद काय करू शकते, हे बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावने पाहिले आहे. २००६ मध्ये तिथल्या एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या. पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत मुख्यमंत्र्यांच्या स्वीय सचिवाचा त्या संदर्भात फोन आल्याची नोंद झाली. ती नोंद न्यायालयापुढे आली. नागपूर खंडपीठाने राज्य सरकारला पंचवीस हजार रुपयांचा खर्च भरायला सांगितला, आणि १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम दहा लाखांवर नेली. तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या हस्तक्षेपावर न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. डायरीत ती ओळ लिहिली गेली नसती, तर शेतकऱ्याच्या तोंडच्या शब्दाला कोणी विचारले असते?

म्हणून मागायचे ते कागद. माहिती नाकारण्याची सर्वांत सोपी वाट अर्जदारच मोकळी करून देतो, जेव्हा तो 'का' विचारतो. 'आमच्या गावच्या रस्त्याचे काम निकृष्ट का झाले?' या अर्जाला 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे उत्तर येते, आणि २००८ च्या सेल्सा पिंटो प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तसे म्हटलेलेही आहे. त्याऐवजी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. नस्तीवरच्या टिप्पण्याही मागाव्यात, कारण निर्णय तिथे घडतो, आदेशात तो फक्त उमटतो. महाराष्ट्राच्या नियमांनी २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली आहे. ती अन्यायाची आहे असे मला वाटते, पण कागदांची नावे लिहिली तर दीडशे शब्द पुरतात.

तीस दिवसांत उत्तर यायला हवे. मुदत टळली तर प्रती फुकट द्याव्या लागतात. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. वऱ्हाडातल्या या पाचही जिल्ह्यांची दुसरी अपिले आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जातात. इथे मात्र माणूस खचतो. महाराष्ट्राच्या आयोगापुढे २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त अपिले आणि तक्रारी पडून होत्या, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. दिवसाला अडीचशे रुपये आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये शास्तीची तरतूद कलम २० मध्ये आहे, पण सुनावणीच दोन-दोन वर्षांनी लागली, तर अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो आणि अर्ज पीकविम्याचा असेल तर तो हंगामही मागे पडलेला असतो. आयुक्तांची पदे वेळेवर न भरणे हा माहिती दाबण्याचाच प्रकार आहे, असे मी मानतो.

'संचिका आढळून येत नाही' हे आणखी एक ओळखीचे उत्तर. त्यावर गप्प बसू नये. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फाईल शेवटी कोणाच्या ताब्यात होती त्या आवक-जावक नोंदीची प्रत मागावी, आणि अपिलात शोध घेऊन जबाबदारी निश्चित करण्याचा आदेश मागावा.

आणि ८(१)(ञ) चे पत्र हातात पडले तर? कलम ८(२) अजून शाबूत आहे. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते म्हणते, आणि दुरुस्तीने त्याला हात लावलेला नाही. फरक एवढा की आता अपिलात जनहित स्पष्ट लिहावे लागेल: किती गावांची योजना आहे, किती सार्वजनिक पैसा आहे, कोणत्या नोंदीवरून संशय येतो. सोबत कलम १९(५) लिहावे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार त्या कलमाने अधिकाऱ्यावर टाकला आहे, अर्जदारावर नाही.

अर्ज न करताही एक रस्ता आहे. नोव्हेंबर २०१८ च्या राज्य शासनाच्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अनेक कार्यालयांत हे परिपत्रक कोणी मागितल्याशिवाय आठवत नाही, म्हणून त्याची प्रत खिशात असलेली बरी.