सावित्रीच्या पात्रांतील गोटे व त्यांची झीज

महाड-पोलादपूरकडे सावित्रीच्या पात्रांत एखादा वाटोळा दगड हातीं आला म्हणजे तो गोफणगुंडा किंवा दगडी तोफगोळा असावा, असा मोह संग्राहकास होतो. अशा दगडास पुरावा म्हणून जमेस धरण्यापूर्वी नदी दगड कसा घडविते हें पाहणें अवश्य आहे.

सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते. तिचे डोंगर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचे आहेत. पुरांत दगड एकमेकांवर आदळतात, तेव्हां बाहेर आलेलीं टोकें व कडा आधीं झिजतात. या अवस्थेंत दगड वाटोळा होतो, पण त्याची जाडी फारशी घटत नाहीं. ती पुढें घटूं लागते. हा द्विविध क्रम डोमोकोश, जेरोल्मॅक प्रभृति संशोधकांनीं २०१४ सालीं मांडला.

ऱ्हाईन नदीतील गोट्यांवरून स्टर्नबर्ग यानें १८७५ सालीं असा नियम काढला कीं, सारख्या अंतरांत वजनाचा सारखाच हिस्सा झिजतो. वजन निम्में झालें तरी व्यास सुमारें एक-पंचमांशच कमी होतो. व्यास निम्मा व्हावयास वजन एक-अष्टमांश उरावें लागतें. तथापि खालीं गोटे लहान होत जातात याचें कारण केवळ झीज नव्हे. उतार कमी झाला कीं जड दगड मागें राहतात व हलके पुढें जातात. शिवाय लाव्हाच्या पोकळ्यांतील अकीक व गारगोटी काळ्या दगडाहून कठीण असल्यानें सावकाश झिजतात. सबब सारख्या आकाराचे दोन गोटे सारखेच दूर आले असें म्हणतां येत नाहीं.

आणखी एक सावधगिरी. काळा दगड जागच्या जागीं कुजून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात व आंत वाटोळा गाभा उरतो. असा गोटा डोंगरावर किंवा गडावर सांपडतो. त्यास नदीचा स्पर्शहि झालेला नसतो.

तात्पर्य, वाटोळेपणा हा मानवी हाताचा पुरावा नव्हे व गुळगुळीतपणा हा वयाचा दाखला नव्हे. टांकीचे घाव दिसल्यास ते मोलाचे. पण खरा गोळा नदींत पडल्यास तेच घाव प्रथम नाहींसे होतात, म्हणून त्यांच्या अभावावरूनहि निकाल देऊं नये. निर्णय सांपडल्याचें स्थळ व सोबतच्या वस्तु यांवरच करावा. स्थळ न टिपतां उचललेला गोटा मिती फाटलेल्या कागदासारखा होय.