एक मेल, ऐंशी पत्ते: सगळ्यांना पाठवा, पण पत्ते झाकून

लोहारा (जि. यवतमाळ) : समजा, गावातल्या एखाद्या कमिटीने मदतीसाठी अर्ज केलेल्या ८० जणांना एकच ई-मेल पाठवला. मजकूर साधाच: 'रविवारी कागदपत्रं घेऊन या.' पण सगळे पत्ते 'टू'च्या रकान्यात टाकले. झालं! कुणी जकातीसाठी अर्ज केला, कुणाच्या मुलीला फीची अडचण आहे, हे ८० घरांना कळलं. बहुतेक पत्त्यांत नाव असतं, कधी जन्मसाल, कधी मोबाईल नंबरही. मदत झाकून द्यावी म्हणतो आपण, आणि यादी मात्र उघडी पडते.

यावरचा उपाय मेलमध्येच आहे, 'बीसीसी'. म्हणजे 'ब्लाइंड कार्बन कॉपी'. टाइपरायटरच्या जमान्यात कार्बन कागद घालून एका पत्राच्या जादा प्रती काढायचे, ते नाव मेलमध्ये राहिलं. 'टू' आणि 'सीसी' मधले पत्ते सगळ्यांना दिसतात. 'बीसीसी' मधल्या प्रत्येकाला मेल मिळतो, पण बाकी कुणाला मिळाला ते दिसत नाही.

चूक केवढ्याला पडते?

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने, तिथून बाहेर काढायच्या अफगाण लोकांना एक मेल पाठवला. पत्ते 'टू'मध्ये होते. २४५ जणांचे पत्ते एकमेकांना दिसले, ५५ जणांचे तर फोटोही. दोघांनी 'रिप्लाय ऑल' केलं, आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत तेही लिहिलं. ही यादी तालिबानच्या हाती लागती तर जिवावर बेतलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड ठोठावला.

आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे.

काय करायचं?

१. जीमेलमध्ये नवा मेल उघडा. मोबाईलवर 'टू'च्या उजवीकडे छोटा बाण असतो, तो दाबला की 'सीसी' आणि 'बीसीसी' दिसतात.

२. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता टाका. बाकी सगळे 'बीसीसी'मध्ये.

३. पाठवण्याआधी एकदा वर बघा. चुकलंच तर लगेच 'अनडू' दाबा. त्याला काही सेकंदच मिळतात. संगणकावर सेटिंगमध्ये ही वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते.

४. जुना मेल पुढे पाठवताना मजकुरात आलेले आधीचे पत्ते पुसून टाका.

एक लक्षात ठेवा, सोबत नावांची एक्सेल यादी जोडली तर 'बीसीसी'चा काही उपयोग नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय?

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो. लेकी-सुनांचे नंबर असे फिरू नयेत असं वाटत असेल तर 'ब्रॉडकास्ट लिस्ट' वापरा. तिथे निरोप ज्याचा त्याला वेगळा जातो. फक्त तुमचा नंबर समोरच्याने सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोहोचत नाही.

रिश्त्याचे बायोडाटा असोत, हजचे अर्जदार असोत की मदरशातल्या मुलांचे पालक, लोकांनी पत्ता आपल्याला विश्वासाने दिलेला असतो. ती अमानत आहे. जपायला दोन सेकंद लागतात.