थायरॉइडची गोळी की सुया?

‘‘डॉक्टर, ॲक्युपंक्चर केले तर थायरॉइडची गोळी सुटेल का?’’ हा प्रश्न दवाखान्यात वारंवार विचारला जातो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. जुनाट पाठदुखी, डोकेदुखी यांत काहींना तिने आराम पडतो.

थायरॉइडचे मात्र वेगळे आहे. गळ्यातील ही ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. पुष्कळ रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीच्या पेशी नष्ट करते. सुयांनी त्या पुन्हा कामाला लागतात, असा भरवशाचा पुरावा नाही. गोळीतून आपण तेच कमी पडलेले संप्रेरक देतो.

मग गोळी सोडून सुया घेणाऱ्याला बरे का वाटते? रक्तातील थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे काही आठवडे त्रास जाणवत नाही आणि श्रेय सुयांना मिळते. नंतर थकवा, सूज, बद्धकोष्ठता परत येतात. गर्भवतीने गोळी सोडल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीलाच धोका संभवतो.

सुया घ्यायच्याच असतील तर नोंदणीकृत तज्ज्ञाकडे, नव्या निर्जंतुक सुयांनीच घ्याव्यात. गोळी चालू ठेवावी. ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर घ्याव्यात. डोस बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे. गोळी कमी-जास्त करायची ती रिपोर्ट पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.