नीटची तयारी आणि पणजोबांचा दाखला

नीटला बसणारी आपली मुलं रात्र रात्र जागतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, हे त्यांना पाठ असतं. घरच्या मोठ्यांचं काम कागदांचं, आणि तिथेच आपण मागे पडतो. चांगले गुण असूनही जात वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून राखीव जागा हातची गेलेली आम्ही पाहिली आहे.

निकालाची वाट पाहू नका. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले, तिथल्या रजिस्टरचा उतारा मागा. त्यासाठी गावाला एक खेप घालावी लागली तरी घाला. त्यावर 'महार' किंवा दुसरी मूळ जात असणारच, धम्मदीक्षा १९५६ ची. लाजू नका, खाडाखोड तर मुळीच नको. वंशावळीच्या शपथपत्राने पणजोबा आणि नात जोडले जातात.

बी. जे. मेडिकलसारख्या सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तिथे केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो, तो वेगळा काढा.

चुलत्याची किंवा आत्याची वैधता आधीच झाली असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडा, काम हलकं होतं.