उतारवयांतील घर आणि त्याचा हिशेब

कोल्हापुरांत रंकाळ्याच्या काठीं संध्याकाळीं फिरावयास येणाऱ्या मंडळींत साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांचा भरणा मोठा असतो. त्यांच्या बोलण्यांत पाऊसपाणी आणि राजकारण हे विषय असतातच. परंतु अलीकडे त्यांत आणखी एका विषयाची भर पडली आहे. मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास, मुलगी परदेशीं, आणि मागें राहिलेलें चार खोल्यांचें घर. जिना चढवत नाहीं, गड्यामाणसांचा भरंवसा नाहीं, आणि रात्रीं-अपरात्रीं प्रकृति बिघडली तर हाक कोणास मारावयाची, ही चिंता अनेक घरांत आहे. अशा वेळीं ज्येष्ठांच्या स्वतंत्र वसाहतींचीं रंगीत माहितीपत्रकें हातीं पडतात. तयार जेवण, चोवीस तास परिचारिका, बाग, वाचनालय. आणि सर्वांत खालीं किंमत. राहतें घर विकून तेथें जावें कीं न जावें? हा प्रश्न भावनेचा आहे हें खरेंच. पण तो तितकाच हिशेबाचाहि आहे, आणि त्या बाजूकडे बहुधा कमी लक्ष दिलें जातें.

हा बाजार कां वाढत आहे हें समजण्यास प्रथम लोकसंख्येचे आंकडे पाहिले पाहिजेत. २०११ च्या शिरगणतींत भारतांत साठ वर्षांवरील माणसें सुमारें १० कोटि ३८ लक्ष, म्हणजे शेकडा ८.६ होतीं, महाराष्ट्रांत हें प्रमाण शेकडा ९.९ होतें. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ मध्यें देशांतील वृद्धांची संख्या १४ कोटि ९० लक्षांच्या आसपास होती, आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटि ७० लक्षांवर, म्हणजे लोकसंख्येच्या एकपंचमांशाहून थोडी पुढें जाईल असा अंदाज आहे. अर्थात् केवळ संख्या वाढल्यानें बाजार निर्माण होत नाहीं. गांठीं पैसा असावा लागतो. सरकारी कचेऱ्या, बँका, महाविद्यालयें यांतून निवृत्त झालेला, स्वतःचें घर असलेला आणि ज्याचीं मुलें दूर गेलीं आहेत असा मध्यमवर्ग आज मोठ्या संख्येनें वार्धक्यांत प्रवेश करीत आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगांव येथें कारखानदारी असूनहि कोल्हापूरचे पुष्कळ तरुण इंजिनिअर पुण्याचा किंवा बंगळूरचा रस्ता धरतात. त्यांच्या आईवडिलांच्या घरीं जागा पुष्कळ आणि माणसें दोन अशी स्थिति होते.

पूर्वीं वृद्धांचा निवास हा दानधर्माचा विषय होता. पुण्यांतील ‘निवारा’ या संस्थेचें मूळ एकोणिसाव्या शतकांत डेव्हिड ससून यांच्या औदार्यांतून निघालेल्या अनाथ-पंगु गृहांत आहे. १९९५ सालीं महाराष्ट्र शासनानें मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहविषयक कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यास निदान एक, दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असा, वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. परंतु ही सारी व्यवस्था निराधारांची. ज्याच्या पदरीं निवृत्तिवेतन आहे, त्याला आश्रम नको असतो आणि एकटेपणहि नको असतें. या वर्गासाठीं पुण्यांत परांजपे स्कीम्सनें ‘अथश्री’ संकुलें उभारलीं. नेरळ येथें डिग्निटी फाउंडेशननें वसाहत केली. दक्षिणेंत कोइमतूर तर अशा वसाहतींचें केंद्रच झालें. पुढें मोठें भांडवलहि या क्षेत्रांत उतरलें. इस्पितळें चालविणाऱ्या मॅक्स समूहानें डेहराडूनला ‘अंतरा’ वसाहत उभी केली, आणि अमेरिकेंतील कोलंबिया पॅसिफिक या समूहानें दक्षिण भारतांत पैसा गुंतविला.

भांडवलास या धंद्याची ओढ कां वाटावी, याचें उत्तर सोपें आहे. साधी सदनिका विकली कीं बांधकाम करणाऱ्याची मिळकत संपते. ज्येष्ठांच्या घराची विक्री झाली कीं दुसरी मिळकत सुरू होते. जेवण, स्वच्छता, शुश्रूषा, रखवाली यांचें मासिक शुल्क पुढें पंधरा-वीस वर्षें येत राहतें. घर एकदां विकलें जातें. सेवा रोज विकली जाते. गुंतवणूकदाराच्या दृष्टीनें ही स्थिर मिळकत होय. पण गुंतवणूकदाराची जी मिळकत, तोच रहिवाशाचा खर्च, ही गोष्ट माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत नसते.

इमारत आणि तिचा रोजचा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें कोल्हापुरास नव्यानें सांगावयास नको. राजर्षि शाहू महाराजांच्या प्रेरणेनें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें १९०६ मध्यें मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्यें मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहांची मालिकाच या शहरांत उभी राहिली. नुसती जागा देऊन महाराज थांबले नाहींत. जमिनींचें उत्पन्न व वार्षिक मदत यांचीहि त्यांनीं सोय लावली. वसतिगृह भिंतींवर चालत नाहीं, रोज पेटणाऱ्या चुलीवर चालतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. ज्येष्ठांच्या वसाहतीस हाच न्याय लागू आहे. तेथें जाणारा मनुष्य दोन वस्तु विकत घेतो: एक घर, ज्याची किंमत तो एकदां देतो; आणि दुसरें वचन, ज्याची किंमत तो जन्मभर देतो. पहिल्या वस्तूची घासाघीस सर्वच करतात. दुसरीचा दर फारसें कोणी विचारीत नाहीं.

हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, पासष्ट वर्षांच्या एका दांपत्यानें जुनें घर विकून वसाहतींत सदनिका घेतली आणि तीस लक्ष रुपये हातीं राखले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत एका व्यक्तीस ठेवतां येणाऱ्या रकमेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लक्ष झाली, आणि त्याच वेळीं व्याजाचा दर शेकडा ८.२ ठरला. या दरानें वर्षास २,४६,००० रुपये, म्हणजे महिन्यास २०,५०० रुपये पडतात. वसाहतीचें शुल्क महिन्यास वीस हजार धरलें तर हिशेब आज नेमका जुळतो. परंतु शुल्क दरवर्षीं शेकडा सात वाढत गेलें, तर दहा वर्षांनीं तें सुमारें ३९,३०० आणि वीस वर्षांनीं सुमारें ७७,४०० रुपये होईल. ठेवीवरील व्याज मात्र मुदतभर तेंच राहतें, आणि मुदत संपल्यावर नवा दर काय असेल हें कोणाच्याहि हातीं नाहीं. म्हणजे पंच्याहत्तराव्या वर्षीं, जेव्हां शुश्रूषेची गरज वाढलेली असते, नेमकी तेव्हां मिळकत खर्चाच्या निम्म्यावर येते. म्हणून दरमहाच्या व्याजांतील कांहीं भाग पहिल्या वर्षापासून बाजूस टाकतां येईल, इतकें कमी शुल्क असलेलीच जागा परवडणारी समजावी.

अशा घरांचे व्यवहार स्थूलमानानें तीन प्रकारांनीं होतात. पहिल्यांत सदनिका खरेदीखतानें मालकीची होते व सेवेचा करार निराळा असतो. दुसऱ्यांत मोठी अनामत ठेवून राहण्याचा हक्क मिळतो, आणि राहणारा गेल्यावर ती रक्कम ठरलेली वजावट करून वारसांस परत मिळते. तिसऱ्यांत केवळ मासिक भाडें व शुल्क असतें. हा प्रकार विशेषतः ज्यांस दुसऱ्याच्या मदतीवांचून चालत नाहीं त्यांच्यासाठीं आहे. मालकीच्या घरांत मनास स्वस्थता अधिक. परंतु अशा संकुलांत राहणाराचें वय पंचावन्न किंवा साठाच्या पुढें असावें अशी अट बहुधा असते. त्यामुळें वारसांस तें घर मिळतें, पण त्यांत राहतां येत नाहीं, आणि गिऱ्हाइकांचा वर्ग मर्यादित असल्यानें विक्रीस विलंब लागतो. अनामतीच्या प्रकारांत ती रक्कम घेणाऱ्या कंपनीची पत हाच एकमेव आधार. भाड्याच्या प्रकारांत भांडवल अडकत नाहीं, पण शुल्कवाढीचा सारा भार अंगावर येतो. मुलांसाठीं गुंतवणूक म्हणून असें घर घेणें, आणि स्वतःच्या उपयोगासाठीं घेणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करूं नये.

सेवा चालविणारी कंपनी बुडाली तर काय होतें, याचा धडा इंग्लंडांत मिळालेला आहे. सदर्न क्रॉस ही तेथील वृद्धगृहें चालविणारी सर्वांत मोठी कंपनी होती. सुमारें साडेसातशें गृहें आणि एकतीस हजार वृद्ध तिच्या आश्रयास होते. तिच्या गृहांच्या इमारती गुंतवणूकदारांस विकून त्याच इमारती भाड्यानें घेण्याची पद्धति रूढ झाली. भाडें दरवर्षीं वाढत राहिलें. उलट खाटा रिकाम्या पडूं लागल्या आणि स्थानिक मंडळांकडून मिळणारा पैसा आटला. २०११ सालीं कंपनी कोसळली. गृहें दुसऱ्या चालकांकडे सोंपविण्यांत आलीं. परंतु कित्येक महिने हजारों कुटुंबांच्या जिवास घोर लागला. आपल्याकडेहि पुणें जिल्ह्यांतील लवासा नगरींत ज्येष्ठांसाठीं संकुल झालें होतें. नगरी उभारणाऱ्या कंपनीवर २०१८ सालीं दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. संकुलाचा चालक निराळा असला तरी ज्या गांवाच्या भरंवशावर घर घेतलें, त्या गांवाचा कारभार डळमळला कीं त्याची झळ घरास लागल्यावांचून राहत नाहीं.

कायद्याचें संरक्षण आहे, पण तें कोठपर्यंत आहे हें जाणून घ्यावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकीं शेकडा सत्तर त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यांत ठेवणें बंधनकारक केलें, आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षें बांधकामांतील दोषांची जबाबदारी विकासकावर टाकली. २०२४ सालीं महारेरानें ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीं खास मार्गदर्शक तत्त्वें ठरविलीं: चाकांची खुर्ची जाईल असे दरवाजे व लिफ्ट, पायऱ्यांऐवजीं उतार, न्हाणीघरांत आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु दरवाजाची रुंदी मोजतां येते. रात्रीं दोन वाजतां घंटी वाजविल्यावर परिचारिका किती वेळांत येईल, हें कोणत्याहि नकाशांत दाखवितां येत नाहीं. तें सेवेच्या करारांत लिहून घ्यावें लागतें. शुल्क वर्षास जास्तींत जास्त किती वाढेल, सेवा असमाधानकारक असल्यास चालक बदलण्याचा अधिकार रहिवाशांच्या संस्थेस आहे कीं नाहीं, अंथरुणास खिळलेल्या माणसास तेथेंच ठेवतील कीं दुसरीकडे हलवितील, दोघांपैकीं एक गेल्यावर शुल्क किती, हे चार प्रश्न विचारल्यावांचून सही करूं नये.

घर न सोडतां घराचा पैसा करण्याचा मार्ग म्हणून २००७ सालीं उलट तारण कर्जाची योजना निघाली. साठी पूर्ण झालेल्या मालकास बँक घराच्या तारणावर दरमहा रक्कम देते. तो व त्याचा जोडीदार हयात असेपर्यंत घर त्यांच्याकडेच राहतें. पुढें वारसांनीं कर्ज फेडून घर सोडवावें, नाहीं तर बँकेनें विकावें. योजना कागदावर उत्तम, पण ती रुजली नाहीं. त्याचें एक कारण कोल्हापूरच्या जुन्या पेठांत डोळ्यांनीं दिसतें. हें कर्ज स्वकष्टार्जित, राहत्या आणि निर्वेध हक्काच्या घरावरच मिळतें. मंगळवार किंवा शुक्रवार पेठेंतील वाड्याच्या मिळकतपत्रिकेवर आजोबांचें नांव, मागें चार चुलते, त्यांच्या बहिणींचे हक्क. अशा वाड्यावर बँक कर्ज कसें देणार? म्हणून वार्धक्याच्या घराची पहिली तयारी वसाहती पाहण्यापासून नव्हे, तर नगर भूमापन कचेरींतील नोंदी दुरुस्त करण्यापासून होते. तशीच दुसरी काळजी बक्षीसपत्राची. मायेपोटीं मुलाच्या नांवें घर करून दिलें, तर सांभाळ करण्याची अट दस्तांतच लिहावी. ती असल्यास व पाळली न गेल्यास २००७ च्या कायद्याप्रमाणें तो दस्त रद्द करवून घेतां येतो.

कोल्हापुरांत अशा वसाहतींस अनुकूलता पुष्कळ आहे. पुण्याच्या मानानें जमीन स्वस्त, हवा चांगली, इस्पितळांची सोय, आणि जुन्या ओळखींचा गोतावळा. परंतु जागा निवडतांना पंचगंगेस विसरून चालणार नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या महापुरांत पाणी त्याहून बारा फुटांवर चढलें, आणि २०२१ मध्यें पुन्हां महापूर आला. तरुण मनुष्य पुरांतून बाहेर पडतो. चाकांच्या खुर्चींतल्यास दुसऱ्यानें उचलावें लागतें. पूररेषेच्या आंतील स्वस्त जमीन वृद्धांच्या घरास सर्वांत महाग पडेल.

अनुकूलतांत आणखी एकीची गणना केली पाहिजे. हा सहकाराचा जिल्हा आहे. १९६३ सालीं स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघानें, म्हणजे ‘गोकुळ’नें, खेड्यापाड्यांतील उत्पादकास स्वतःच्या धंद्याचा मालक केलें. ज्येष्ठांच्या घरांतहि तेंच सूत्र चालण्याजोगें आहे. जमीन व इमारत सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेची, सेवा चालविणारा ठराविक मुदतीनें नेमलेला, शुल्क सभासदांच्या सभेनें ठरविलेलें, आणि अडचणींतल्या सभासदासाठीं प्रारंभापासून राखलेला निधि. त्यांत नफा कमी दिसेल, म्हणून बाहेरचें भांडवल त्याकडे धांवून येणार नाहीं. परंतु ज्यांस तेथें म्हातारपण काढावयाचें आहे त्यांच्याच हातीं कारभार राहील. त्यासाठीं तो कारभार हातीं घेण्याची उमेद मात्र पन्नाशी-साठींतच धरली पाहिजे. ऐंशीव्या वर्षीं संस्था काढतां येत नाहीं. तेव्हां आधीं काढलेल्या संस्थेंत राहतां येतें.