काच मोकळी करणारे हात

काचेवरची काळी फिल्म जुनी झाली, की आधी रंगावरून कळतं. काळी म्हणून लावलेली फिल्म जांभळी दिसायला लागते. स्वस्त फिल्ममधला काळा रंग दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो. उन्हात ते सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत आणि जे टिकतात त्यांची जांभळट झाक उरते. मग गोंद सुटू लागतो. बारीक फोड येतात, त्यांचे फुगे होतात, कडा वळतात, कोपऱ्यांत धूळ जाऊन बसते. अशी फिल्म काढून काच पहिल्यासारखी करून देणं हे एक स्वतंत्र कसब आहे. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमच्या दुकानांत हे काम रोज चालतं, पण पाटीवर त्याचा उल्लेख क्वचितच असतो. फिल्म बसवणाऱ्याचं कौतुक होतं, काढणाऱ्याला मात्र ‘तेवढं ओढून काढ रे’ एवढंच ऐकायला मिळतं. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण दोन्हींत अवघड काम काढण्याचं आहे.

कामशेतसारख्या ठिकाणी त्याची किंमत पावसाळ्यात कळते. जुना मुंबई–पुणे हायवे गावाला लागूनच जातो. इथूनच नाणे मावळाचा आणि पवन मावळाचा रस्ता फुटतो. द्रुतगती मार्गावरचा कामशेत बोगदाही याच डोंगरांत आहे. जुलैत ढग रस्त्यावर उतरलेले असतात, दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग हलत नाही. अशा वेळी बाजूचा आरसा ड्रायव्हरला दारावरच्या काचेतूनच बघावा लागतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. ती काच काळी असेल तर आरसाही काळाच. भर उजेडातून गाडी बोगद्यात शिरते तेव्हा डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या लेनमधली गाडी दिसेनाशी होते.

उजेडाचा हिशोब साधा आहे, पण फसवा आहे. कंपनीतून आलेली काचही सगळा उजेड आत सोडत नाही. समजा ती ७५ टक्के सोडते आणि तिच्यावर ३५ टक्क्यांची फिल्म लावली, तर आत ३५ टक्के उजेड येत नाही. ७५ चे ३५ टक्के, म्हणजे जेमतेम २६ टक्केच येतो. दुकानातला फिल्मचा तुकडा हातात धरून बघताना हा गुणाकार कुणी करत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. टक्केवारी कितीही असो, काचेवर वेगळी काळी फिल्म चिकटवणंच त्या निकालाने बंद केलं, तेही त्याच वर्षीच्या ४ मेपासून. गुन्हे लपवायला काळ्या काचा वापरल्या जातात, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. शहरोशहरी वाहतूक पोलिसांनी मोहिमा काढल्या आणि रस्त्याच्या कडेला फिल्म फाडून काढल्या गेल्या. त्या उन्हाळ्यात कित्येक गाड्यांच्या काचांवर गोंदाचे पट्टे राहिले. आधी कमी दिसायचं ते काळेपणामुळे, आता धुरकट गोंदामुळे. चालान आजही होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत दंड होतो.

फिल्म म्हणजे मुळात पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. बऱ्याच फिल्ममध्ये असे दोन-तीन पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेले असतात, वर ओरखडे पडू नयेत म्हणून कडक लेप असतो आणि काचेच्या बाजूला ॲक्रिलिकचा गोंद. घाईने ओढलं की वरचा पापुद्रा सुटून हातात येतो आणि खालचा गोंदासकट काचेलाच राहतो. माणसाला वाटतं, काम झालं. खरं काम तिथूनच सुरू होतं.

चांगला कारागीर आधी दाराच्या आतल्या बाजूला टॉवेल खोचतो, कारण पाणी काचेच्या बटणांत गेलं तर फिल्मपेक्षा महाग दुरुस्ती निघते. मग काच दोन बोटं खाली घेतो. त्यामुळे फिल्मची वरची कड रबराच्या बाहेर येते आणि नखाने कोपरा उचलता येतो. बाहेरून हीट गन फिरवतात. ती एका जागी थांबवायची नाही, सारखी हलती ठेवायची. काच हाताला चांगली गरम लागली पाहिजे, पण चटका बसायला नको. गोंद मऊ झाला की फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवून, सावकाश, एका ताणाने खाली घ्यायची. पुरणपोळी तव्यावरून उलटवताना जसा हात हलका आणि सलग लागतो, तसाच इथे लागतो. फिल्म तुटायला लागली की ओढणं थांबवून पुन्हा उष्णता द्यायची. या थांबण्यातच शिकाऊ मुलगा आणि मुरलेला कारागीर यांतला फरक दिसतो.

गोंद राहिलाच तर साबणाचं पाणी मारून तो भिजत ठेवतात. दारांच्या काचांवर ब्लेड चालतं, पण ओलं आणि एकाच दिशेने. ब्लेड मागे ओढलं की त्याच्याखाली अडकलेला धुळीचा एखादा कण काचेवर कायमची रेघ मारतो. ब्लेड बदलण्यात कंजुषी करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. थिनर ओतणाऱ्याकडे तर नाहीच नाही. गोंद विरघळतो खरा, पण दाराचं प्लास्टिकही पांढरं पडतं.

मागची काच हा वेगळाच मामला. तिच्या आतल्या अंगाला डिफॉगरच्या बारीक आडव्या तारा छापलेल्या असतात. त्यांतून वीज जाते, काच गरम होते आणि साचलेली वाफ निघून जाते. फिल्म नेमकी त्या तारांवरच चिकटवलेली असते. इथे ब्लेड लावलं की तार तुटली. एक तार तुटली की तेवढा पट्टा दर पावसाळ्यात धुकटच राहणार. लोणावळ्यात एका मोसमात ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणं नवलाचं नाही, त्यामुळे या भागात डिफॉगरला चैनीची वस्तू म्हणता येत नाही. फिल्म तारांच्या दिशेनेच, म्हणजे आडवी ओढावी लागते. तीही आधी वाफारा देऊन. वाफ गोंदापर्यंत पोचते आणि तारांना धक्का लागत नाही.

उन्हाळ्यात सूर्याकडूनही हे काम करून घेता येतं. आतून फिल्मवर साबणाचं पाणी फवारायचं, त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, बाहेरून काचेवर काळं प्लास्टिक पसरायचं आणि गाडी उन्हात तासभर उभी करायची. काळं प्लास्टिक तापतं, आतला ओलावा सुकत नाही आणि गोंद ढिला होतो. काही जण पाण्यात अमोनिया घालतात. बंद गाडीत त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला त्रास देते, म्हणून मी तरी तो टाळावा असंच म्हणेन. मार्च ते मे मावळात ही युक्ती उत्तम चालते. जूनपासून ऊन नसतं, मग वाफेच्या मशिनला पर्याय नाही.

गंमत अशी की या धंद्याचं दुसरं टोकही महाराष्ट्रातच आहे. मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यवहारापासून सुरुवात करणाऱ्या आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत पॉलिएस्टरपासून सनफिल्मपर्यंत सगळं स्वतः बनवते. नियम १०० मधला बदल १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला आणि प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षित काचेला त्यात जागा मिळाली. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं, की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल. त्या प्रकरणात गरवारे कंपनीही याचिकाकर्ती होती. उन्हाचा त्रास खरा आहे, लहान मुलं मागे बसलेली असतात, त्यामुळे पारदर्शक आणि उष्णता अडवणारी फिल्म कुणी मागितली तर मला त्यात वावगं वाटत नाही. पण ती जुन्या गोंदावर बसत नाही. नवी चांगली बसायला आधीची काढणाऱ्याचा हात चांगला लागतो, आणि म्हणून त्या कामाची मजुरी नव्या फिल्मच्या बिलात ‘फुकट’ म्हणून दाखवू नये. ती वेगळी लिहावी आणि वेगळी द्यावी.

गाडी ताब्यात घेताना काच समोरून बघून भागत नाही. उजेडाकडे तिरकी धरून बघावी, ओल्या बोटाने सगळीकडे हात फिरवावा. जिथे बोट अडखळेल तिथे गोंद आहे. मागचा डिफॉगर चालू करून, काचेवर वाफ धरवून प्रत्येक तार तपासावी. आणि शेवटी दाराच्या रबराची आतली खाच पुसून घ्यायला सांगावं. फिल्मची खालची कड तिथेच दबलेली असते, सुटलेला गोंद त्या खाचेत उतरतो. ती तशीच राहिली तर पहिल्यांदा काच खाली-वर केली की तोच गोंद साफ केलेल्या काचेवर रेघा ओढत वर येतो. म्हणून जाणता कारागीर ओल्या कापडाची घडी खाचेतून फिरवतो, काच चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करतो, दर वेळी पुसतो, आणि मगच चावी हातात देतो.